नेटबॉलच्या मुलींना पूर्ण मापाचं कोर्ट द्या : नागपूरच्या क्रीडा कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर शहर व जिल्ह्यातले क्रीडा अधिकारी, क्रीडांगणांचा कारभार पाहणारे पदाधिकारी, नेटबॉल संघटनेचे पदाधिकारी आणि शाळा-महाविद्यालयांची व्यवस्थापनं यांस

विषय : आंतरराष्ट्रीय नेटबॉल खेळू शकणाऱ्या मुली नागपुरातच गळून पडतात, त्याबाबत

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा २०३० मध्ये अहमदाबादला होणार, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये पक्कं झालं. जे मोजके खेळ नक्की म्हणून तेव्हा जाहीर झाले, त्यांत नेटबॉल, म्हणजे बास्केटबॉलशी साम्य असलेला सात-सात जणींचा खेळ, आहे. याआधी २०१० मध्ये ही स्पर्धा दिल्लीत झाली, तेव्हा नेटबॉलचे सामने त्यागराज स्टेडियममध्ये झाले. यजमान म्हणून भारताचा महिला संघ त्यात उतरला होता आणि प्राची तेहलान त्याची कर्णधार होती. तशीच संधी वीस वर्षांनी पुन्हा घरच्या अंगणात येते आहे. आज नागपुरात आठवीत शिकणारी मुलगी २०३० मध्ये अठरा वर्षांची असेल, अकरावीतली एकविशीची. भारताची जर्सी अंगावर चढावी असंच हे वय.

या मुलींसाठी शहरात नोव्हेंबर २०२५ च्या त्या घोषणेनंतर काय बदललं? आमच्या पाहण्यात तरी काहीच नाही. निवेदनं दिली, पोच मिळाली, पुढे कागद हलला नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

आम्ही नेटबॉल शिकवणारे, सामन्यांना पंच म्हणून उभे राहणारे आणि शाळांत खेळाचा तास घेणारे लोक आहोत. नंदनवन, जरीपटका, हुडकेश्वरपासून कामठी-उमरेडपर्यंतच्या मुलींचे आईवडील आमच्या भरवशावर त्यांना पहाटे मैदानावर सोडतात. मुलीचा गुडघा गेला किंवा तिचं प्रमाणपत्र पडताळणीत अडकलं, तर त्यांच्यासमोर आम्हाला उभं राहावं लागतं. आमचा या पत्रातला संबंध एवढाच, पण तो रोजचा आहे.

पहिली तक्रार कोर्टची.

नेटबॉलचं कोर्ट ३०.५ मीटर लांब आणि १५.२५ मीटर रुंद. बास्केटबॉलचं २८ बाय १५. दोन्ही खेळांत चेंडू रिंगमध्ये टाकायचा असतो, एवढ्या साम्यावर मुलींना बास्केटबॉलच्या कोर्टवर उभं केलं जातं आणि तिथेच सराव झाला असं धरलं जातं. पण नेटबॉलमध्ये टप्पे देत चेंडू नेता येत नाही. हातात आला की तीन सेकंदांत सोडायचा. कोर्टचे तीन सारखे भाग, म्हणजे थर्ड, असतात आणि एक अख्खा थर्ड ओलांडून थेट पास देता येत नाही, प्रत्येक थर्डमध्ये कुणाचा तरी हात लागलाच पाहिजे. म्हणजे सगळा खेळ त्या थर्डच्या लांबीवर बेतलेला आहे. खरा थर्ड १०.१७ मीटरचा. बास्केटबॉलच्या कोर्टचे तीन भाग केले तर तो ९.३३ मीटर होतो. ८४ सेंटिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, सेंटर आणि विंग अटॅक या मधून चेंडू पुढे पोचवणाऱ्या जागांवर खेळणाऱ्या मुलीला तो फार महाग पडतो. आखूड कोर्टवर चार वर्षं तयार झालेली सेंटर राज्य स्पर्धेत पूर्ण कोर्टवर आली की तिचा पास हातभर अलीकडे पडतो आणि समोरच्या संघाची बचाव करणारी गोल डिफेन्स तो मधल्यामध्ये उचलते. निवड समितीला वाटतं, मुलीच्या हातात ताकद नाही. ताकद आहे, तिला अंतरच चुकीचं शिकवलं गेलं.

गोल सर्कलचंही तेच. ते ४.९ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ असतं आणि गोल करायचा हक्क फक्त गोल शूटर आणि गोल अटॅक या दोन जागांवरच्या मुलींना, तोही त्याच्या आत उभं राहून. ते आखलेलंच नसेल तर ‘आत’ म्हणजे कुठे, हे मुली अंदाजाने शिकतात.

आखणीला काय लागतं तेही सांगतो, म्हणजे खर्चाचं कारण पुढे यायला नको. पन्नास मीटरची टेप, दोरी, चार खुंट्या आणि दोन माणसं. पहिला कोपरा काटकोनात धरण्यासाठी ३, ४ आणि ५ मीटरचा त्रिकोण. चारही कोपरे ठरले की दोन्ही कर्ण मोजायचे, ते ३४.१० मीटर भरले तर आयत सरळ आहे. रेषा ५ सेंटिमीटर रुंद आणि ती कोर्टचाच भाग, त्यामुळे माप बाहेरच्या कडेवरून धरायचं. हे एकदा रंगाने करा. आम्ही मारलेली फक्की तासाभरात पायांनी पुसली जाते आणि दुसऱ्या दिवशी कोर्ट चार बोटं सरकलेलं असतं. कोर्टभोवती ३.०५ मीटर मोकळी जागा धरली तर सगळं मिळून ३६.६ बाय २१.३५ मीटर, साधारण ७८० चौरस मीटर होतं. नागपूरसारख्या मैदानांच्या शहरात एवढी सपाट जागा मिळत नाही, हे आम्हाला मान्य नाही.

दुसरी तक्रार रिंग ज्यावर असते त्या पोलची, आणि शूटर बिघडते ती इथे.

नेटबॉलची रिंग बास्केटबॉलइतक्याच उंचीवर, ३.०५ मीटरवर असते, पण तिच्यामागे फळी नसते. रिंगचा आतला व्यास ३८ सेंटिमीटर, बास्केटबॉलचा ४५. नेटबॉलच्या पाच नंबरच्या चेंडूचा घेर ६९ ते ७१ सेंटिमीटर, म्हणजे जाडी साधारण साडेबावीस. चेंडू सरळ वरून पडला तर चारही बाजूंनी पावणेआठ सेंटिमीटर जागा उरते. तो तिरका आला की रिंग त्याच्यासाठी अरुंद होत जाते. ४५ अंशांत खाली येणाऱ्या चेंडूला ती जेमतेम २७ सेंटिमीटरची ‘दिसते’. ३० अंशांत आला तर १९ सेंटिमीटरची, म्हणजे चेंडूपेक्षाही लहान. साधारण ३६ अंशांपेक्षा सपाट आलेला चेंडू रिंगला न घासता आत जाऊच शकत नाही. बास्केटबॉलच्या फळीवर शिकलेली मुलगी नेमका असाच सपाट शॉट मारते, कारण मागची फळी तिची चूक सावरून घेते. पुढे राज्य शिबिरात फळी नसलेल्या रिंगसमोर तिचा चेंडू पलीकडे निघून जातो. हात डोक्याच्या वर, कोपर रिंगच्या दिशेने, जोर गुडघ्यातून आणि शेवटी मनगटाची फिरकी ही सवय बारा-तेराव्या वर्षी लागली तर लागते. अठराव्या वर्षी ती बदलायला गेलं की आधीचा शॉटही जातो.

जागतिक पातळीवर गोल शूटरकडून शंभरातले नव्वद गोल अपेक्षित असतात. तेही बचाव करणारी मुलगी तिच्या पायापासून ०.९ मीटरवर, हात पूर्ण ताणून उभी असताना. त्यासाठी शूटरला दिवसाला निदान दोनशे शॉट लागतात. आता मैदानावरचा हिशेब करा. वीस मुली, एक पोल, शॉटच्या सरावाला वीस मिनिटं. चेंडू मारून परत आणायला सहा सेकंद धरले तरी एकूण दोनशे शॉट होतात. एकीच्या वाट्याला दहा.

जे पोल आहेत, त्यांची अवस्था जवळ जाऊन पाहा. टायरमध्ये सिमेंट ओतून त्यात पाइप उभा केलेला. ते टायर कोर्टच्या आत येतं आणि रिंगखाली उडी मारून उतरणारी, बचाव करणारी गोल कीपर त्याच्यावर घोटा मुरगळून घेते. पाइपवर फोम नसतो. रिंग एका बाजूने वेल्डिंग केलेली असते, चेंडूच्या माऱ्याने ती पुढून खाली झुकते आणि मुलींना त्या वाकलेल्या रिंगची सवय होते. पोलचा पाया कोर्टच्या आत येता कामा नये, हा नियमच आहे. जमिनीत बाही, म्हणजे पोल बसेल असा पोकळ पाइप, गाडून तिच्यात पोल उभा करायचा, नाहीतर चाकांचा जड पाया रेषेच्या मागे ठेवायचा. हे काम नागपुरातला कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देईल. त्याच्या हातात नीट मापं मात्र द्यायला हवीत.

आता गुडघ्याचं. या विषयावर आम्ही थोडं जास्त लिहिणार आहोत, कारण नेटबॉलमध्ये मुलींच्या कारकिर्दी सगळ्यात जास्त इथे संपतात.

या खेळाचा फुटवर्कचा नियम कडक आहे. धावत येऊन चेंडू पकडला की जो पाय आधी टेकला, तो उचलता येतो, पण चेंडू सोडायच्या आत पुन्हा टेकवता येत नाही. म्हणजे पूर्ण वेगातल्या मुलीला एक-दोन पावलांत थांबायचं असतं. तो सगळा झटका गुडघ्यावर येतो. गुडघा सरळ ताठ ठेवून उतरली, किंवा उतरताना गुडघा आतल्या बाजूला वळला, की आतलं एसीएल नावाचं लिगामेंट तुटू शकतं. समोरून कुणी धक्का मारावा लागत नाही. मैदान वाळूचं, बारीक मुरमाचं असेल तर पाय घसरतो. सिमेंटचं असेल तर पाय जागच्या जागी रुतल्यासारखा अडकतो आणि अंग पुढे फिरतं. नेटबॉलमध्ये चेंडूचा टप्पा महत्त्वाचा नसल्यामुळे ‘जमीन कशीही चालेल’ असं समजलं जातं. या खेळात कोर्ट लागतं ते पायांसाठी.

जमिनीसोबत बुटांचंही पाहावं लागतं. जाड टाचेचे धावायचे बूट घालून मुली येतात, त्यात बाजूला वळताना घोटा कलंडतो. सपाट तळव्याचे, बाजूंनी घट्ट, कोर्टवर खेळायचे बूट हवेत आणि तळव्याची नक्षी झिजली की ते बदलायला हवेत. शाळेच्या क्रीडा साहित्याच्या यादीत चेंडू असतात, जागेची अक्षरं लिहिलेले बिब असतात. बूट नसतात.

ऑस्ट्रेलियात नेटबॉलच्या संघटनेने गुडघे वाचवण्यासाठी खास वॉर्मअप तयार करून तो गावोगावच्या क्लबांपर्यंत नेला. त्यात साधन काहीच लागत नाही. हळू धावणं, एका पायावर तोल, स्क्वॉट आणि लंज, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, मग उडी मारून गुडघे वाकवत आवाज न करता उतरणं, शेवटी दिशा बदलत धावून थांबणं. बारा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून दोन-तीन वेळा, वर्षभर. आपल्याकडे मैदान तासाभरासाठी मिळतं, त्यातली दहा मिनिटं आधीच्या गटाला बाहेर काढण्यात जातात आणि सगळ्यात आधी कात्री लागते ती वॉर्मअपला. ही आमचीही चूक आहे आणि ती आम्ही मान्य करतो.

दुखापत झाल्यावर जे घडतं ते त्याहून वाईट. ‘कट्’ असा आवाज आला, दोन-तीन तासांत गुडघा सुजला, चालताना निसटल्यासारखा वाटला, तर एसीएल गेलं असं धरून हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायचं असतं. होतं असं की मुलीला मालिशवाल्याकडे नेतात, गरम तेल चोळतात आणि सूज उतरली की तीन आठवड्यांनी आंतरशालेय सामन्यात उतरवतात. तेव्हा गुडघ्यातली गादीसुद्धा फाटते. शस्त्रक्रिया झाल्यावर निदान नऊ महिने थांबावं लागतं आणि नुसते महिने मोजूनही चालत नाही. दुखऱ्या पायावरची एकपायी उडी दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्के तरी भरली पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या लिझ एलिसचा गुडघा २००५ मध्ये गेला. २००६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेला तिला मुकावं लागलं. २००७ मध्ये ऑकलंडला तिने कर्णधार म्हणून विश्वविजेतेपद मिळवलं. दुखापत तीच, पण तिच्यामागे डॉक्टर होते, फिजिओ होता, विमा होता. आपल्या मुलीमागे वडिलांची उधारी असते.

वेळेबद्दल थोडक्यात. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर जातं आणि उन्हाळी शिबिराची संध्याकाळची बॅच चारला ठेवली जाते. तापलेल्या सिमेंटवर त्या वेळी कुणालाही धावायला लावू नये. पहाटे साडेपाच ते साडेसात हीच वेळ ठेवावी. डिसेंबरात उलटी अडचण. साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, शाळा पाचला सुटते आणि दिवे नसलेल्या मैदानावर अर्धा तासही मिळत नाही. बंदिस्त सभागृह मागितलं तर ते समारंभांना दिलेलं असतं. आणि मैदानावर मुलींसाठी पाण्याचं, दाराला कडी असलेलं स्वच्छतागृह नसेल, तर वयात आलेल्या मुली महिन्यातले चार-पाच दिवस गैरहजर राहतात. वर्षभरात ते पन्नास दिवस होतात.

यापुढची तक्रार कागदांची. ती संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावी.

राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. ज्या लीगवर पोट भरावं अशी नेटबॉलची लीग आपल्याकडे नाही, त्यामुळे सामान्य घरातल्या मुलीला विशीनंतर खेळत ठेवणारी गोष्ट म्हणजे ही नोकरीची आशा. पण प्रमाणपत्राची पडताळणी होते, तेव्हा त्यामागची मूळ नोंद मागितली जाते. स्पर्धेला मान्यता होती का, किती संघ उतरले, संघाच्या यादीत मुलीचं नाव आहे का, ती प्रत्यक्ष खेळली का. गुणपत्रक म्हणजे स्कोअरशीट हाच त्याचा पुरावा आणि सामना संपला की तो कुणाच्या तरी पिशवीतून घरी जातो. पाच वर्षांनी पदाधिकारी बदललेले असतात, कागद सापडत नाही. मुलगी खेळलेली असते, तरी ती खेळली नाही असं ठरतं.

ती स्कोअरशीट निवडीलाही लागते. प्रत्येक शूटरचे प्रयत्न किती, गोल किती, कुठल्या संघाचा सेंटर पास, म्हणजे खेळ सुरू करणारा पास, वाया गेला, हे त्यावर असतं. गोल डिफेन्सने किती चेंडू मध्येच उचलले, हेही कुणीतरी वेगळं लिहून ठेवायला हवं. अशा नोंदी नसल्या की निवड उंचीवर आणि ओळखीवर होते. उंच मुलगी दिसली की तिला गोल कीपर किंवा गोल शूटरची बिब द्यायची आणि मधल्या पाच जागांना ‘उरलेल्या’ मुली द्यायच्या, ही पद्धत खेळाला मारक आहे. सेंटर ही संघातली सगळ्यात जास्त धावणारी मुलगी. दोन्ही गोल सर्कल सोडली तर अख्खं कोर्ट तिचं असतं.

उंचीचाही उपयोग करायला शिकवावं लागतं. श्रीलंकेच्या थर्जिनी शिवलिंगमची उंची दोन मीटरच्या वर. जाफना भागातली ही मुलगी २०१९ च्या लिव्हरपूलच्या विश्वचषकात, चाळिशीला टेकलेली असताना, स्पर्धेत सर्वांत जास्त गोल करणारी शूटर ठरली. तिचा संघ बलाढ्य नव्हता. तिला चेंडू उंच कसा पोचवायचा हे मात्र तिच्या देशाने बसवून घेतलं होतं. आयरीन व्हॅन डाइक १९९४ ते २०१४ अशी वीस वर्षं आंतरराष्ट्रीय नेटबॉल खेळली. ७२ सामने दक्षिण आफ्रिकेकडून, १४५ न्यूझीलंडकडून. आपल्याकडे मुलीचा खेळ पदवीच्या शेवटच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेबरोबर सुटतो. तिथे ती वीस-बावीसची असते. जगात त्या वयात कारकीर्द सुरू होते.

एक लहानशी, पण फार नुकसान करणारी गोष्ट पासपोर्टची. भारताच्या शिबिराचं बोलावणं आल्यावर पासपोर्टसाठी धावपळ सुरू होते आणि तेव्हा कळतं की जन्मदाखल्यावरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं आहे. दुरुस्तीला महिने जातात, शिबिर थांबत नाही. पंधराच्या आतल्या मुलीचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा ती अठरा वर्षांची होईपर्यंत, यांतलं जे आधी येईल तिथपर्यंतच चालतो, हेही ध्यानात ठेवावं लागतं.

आमच्या मागण्या या आहेत.

शहरात दोन आणि ग्रामीण भागात निदान एक पूर्ण मापाचं, फक्त नेटबॉलसाठी रंगाने आखलेलं कोर्ट येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत द्या. त्यांतलं एक छताखालचं आणि लाकडी किंवा सिंथेटिक पृष्ठभागाचं असावं. ते समारंभांना देऊ नका.

प्रत्येक कोर्टवर सरावासाठी निदान चार पोल, नियमाप्रमाणे पाया रेषेबाहेर असलेले आणि फोम लावलेले. दोन मुलींमागे एक पाच नंबरचा चेंडू. राज्य पातळीवर खेळलेल्या मुलींना वर्षातून एकदा बूट.

आठवड्याला पाच दिवस, दीड तासाची ठरलेली वेळ लेखी द्या. उन्हाळ्यात ती सकाळचीच असावी, हिवाळ्यात दिव्यांची सोय करा. मैदानावर मुलींचं स्वच्छतागृह चालू ठेवा, किल्ली चौकीदाराच्या खिशात नको.

जिल्हा संघात निवड झालेल्या प्रत्येक मुलीची हंगामाआधी तपासणी करा : गुडघा, घोटा आणि रक्तातलं हिमोग्लोबिन. एका शासकीय रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस खेळाडूंसाठी फिजिओ बसवा आणि संघातल्या मुलींचा दुखापतीचा विमा काढा. वॉर्मअप न घेता संघ उतरवणाऱ्या प्रशिक्षकाला सामन्यासाठी मनाई करा. हा नियम आम्हालाही लागू करा.

प्रत्येक स्पर्धेचं मान्यतेचं पत्र, उतरलेल्या संघांची संख्या, संघांच्या याद्या आणि स्कोअरशीट स्पर्धा संपल्यापासून पंधरा दिवसांत कार्यालयात जमा करून घ्या आणि कुणालाही पाहता येतील अशा ऑनलाइन ठेवा. मागच्या दहा वर्षांचे जे कागद सापडतील, ते आत्ताच गोळा करा.

राज्य संघात आलेल्या मुलींच्या पासपोर्टची आणि नावातल्या दुरुस्तीची जबाबदारी एका कर्मचाऱ्याला नेमून द्या.

महाविद्यालयांनी राष्ट्रीय शिबिरातल्या मुलीची हजेरी आणि प्रात्यक्षिकं बुडाली म्हणून तिला परीक्षेला अडवू नये. फेरप्रात्यक्षिकाची तारीख शिबिराला जाण्याआधीच तिच्या हातात लेखी द्यावी.

यांतल्या कोणत्या मागण्या कोणाच्या अखत्यारीत येतात, हे ठरवण्यात वेळ जाऊ नये म्हणून सगळ्यांना एकत्र बसवणारी एक बैठक तीस दिवसांच्या आत बोलवा. आम्ही टेप, दोरी आणि खुंट्या घेऊन येऊ. जागा दाखवा, त्याच दिवशी कोर्ट आखून देतो.

आपले,
नागपुरातले नेटबॉल प्रशिक्षक, पंच आणि क्रीडा शिक्षक